प्लेगचे क्रूस व लसीचा वृत्तान्त

आमच्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत देवळाच्या उभारणीचा, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा व शाळेच्या वाढीचा इतिहास इतर लेखकांनीं दिलाच आहे. आम्हीं येथें त्याहून निराळा, परंतु आमच्या लोकांच्या जीविताशीं तितकाच निगडित असलेला एक वृत्तान्त सांगण्याचें योजिलें आहे. गिरगांव, माझगांव, वांद्रें इत्यादि मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून वाडीवाडीच्या तोंडाशीं जे क्रूस उभे आहेत, त्यांपैकीं बरेच इ. स. १८९६ व त्यापुढील वर्षांच्या प्लेगच्या साथींत उभारलेले आहेत. आजहि त्यांच्यापुढें मेणबत्त्या लागतात, जपमाळ म्हटली जाते, व सणावारीं त्यांना फुलांच्या माळा चढतात. परंतु ते कां उभारले गेले, हें विचारलें असतां तरुण पिढींतील फार थोडे जण उत्तर देऊं शकतील.

संकटकाळीं आमच्या पूर्वजांनीं देवाकडे काय मागितलें, तें क्रूस आपल्याला सांगतो. त्याच संकटांतून, देवानें दिलेल्या बुद्धीच्या योगें, माणूस काय शिकला हें मात्र कोणत्याहि क्रूसावर कोरलेलें नाहीं. तो दुसरा भाग वाचकांपुढें ठेवावा, एवढाच ह्या निबंधाचा हेतु आहे.

देवी काढणें

प्लेगच्या पूर्वीं लोकांना सर्वांत मोठें भय होतें तें देवीच्या रोगाचें. रोगालाच देवी म्हणण्याची आपल्या भाषेची रीत आहे. आणि ज्या उपायानें तो रोग टळतो त्यालाहि आपले लोक ‘देवी काढणें’ असेंच म्हणूं लागले. हा उपाय इंग्लंडांतील डॉक्टर एडवर्ड जेन्नर ह्यांनीं दिनांक १४ मे १७९६ रोजीं प्रथम करून पाहिला. गाईच्या आंचळावर येणाऱ्या गोस्तनदेवीची बाधा ज्या गवळणींस एकदां होऊन गेली असेल, त्यांना खरी देवी येत नाहीं, अशी त्या प्रांतीं लोकांची समजूत होती. जेन्नर ह्यांनीं एका गवळणीच्या हातावरील फोडांतील द्रव आठ वर्षांच्या एका मुलाच्या दंडांत घातला, आणि पुढें त्या मुलाला देवीचा रोग बाधत नाहीं असें सिद्ध केलें.

ही लस आमच्या देशांत यावयास सहा वर्षें लागलीं. व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद व बसरा ह्या मार्गानें ती मुंबईस आली, आणि दिनांक १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती मुंबईंत टोचण्यांत आली. हिंदुस्थानांत यशस्वी रीतीनें देवी काढलेलें हें पहिलें मूल होय. तिच्याच दंडावरील फोडांतून घेतलेली लस पुढें इतर मुलांना दिली गेली व तेथून ती देशाच्या अन्य भागांत पसरली. त्या काळीं बर्फाची पेटी नव्हती; माणसाचा दंड हीच लस ताजी ठेवण्याची पेटी होती. दिनांक ३० नोव्हेंबर १८०३ रोजीं स्पेनच्या राजानें डॉक्टर बाल्मिस ह्यांच्याबरोबर अमेरिकेकडे जें जहाज धाडलें, त्यांत बावीस अनाथ मुलें होतीं. एका वेळीं दोघांना लस टोचावयाची, त्यांचे फोड पिकले म्हणजे त्यांतून पुढच्या दोघांना द्यावयाची, अशा साखळीनें ती लस महासागरापलीकडे व पुढें फिलिपीन बेटांपर्यंत जिवंत पोहोंचली. ज्या मुलांना जगांत कोणी नव्हतें, त्यांच्या दंडांवरून लाखों मुलांचें आयुष्य वाहून नेलें गेलें, ही गोष्ट कोणाहि ख्रिस्ती वाचकानें विसरूं नये. पोप सातवे पायस ह्यांच्या कारकीर्दींत, १८२२ सालीं, कार्डिनल कॉन्साल्वी ह्यांनीं पोपच्या राज्यांत लस टोचण्याच्या प्रसारार्थ फर्मान काढलें. तेव्हां लस ही देवाच्या इच्छेविरुद्ध आहे असें जर कोणी आज म्हणत असेल, तर दोनशें वर्षांपूर्वीं रोमनगरांत असें मानलें जात नव्हतें, एवढें त्याला सांगणें पुरे.

मांडवींतील ताप

आतां प्लेगकडे वळूं. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईच्या मांडवी भागांत एक विलक्षण ताप पसरूं लागला. धान्याच्या वखारी, दाट वस्तीच्या चाळी व तुंबलेलीं गटारें ह्यांनीं तो भाग भरलेला होता. रोग्याला भडकून ताप यावा, जांघेंत किंवा काखेंत गांठ यावी, आणि थोडक्याच दिवसांत त्याचा अंत व्हावा, असा प्रकार होता. वखारींतून उंदीर पटापट मरून पडत होते, परंतु त्याचा अर्थ त्या वेळीं कोणास उमगला नाहीं. हा रोग प्लेगच आहे, हें सप्टेंबर १८९६ मध्यें प्रथम ओळखून उघड सांगणारे गृहस्थ आमच्याच समाजाचे होते. ते गोंव्यांतील हडफडें गांवचे डॉक्टर अकासियु गाब्रिएल व्हिएगस. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकून ते मांडवींत वैद्यकीचा व्यवसाय करीत होते व नगरपालिकेचे सभासदहि होते. व्यापाराच्या बंदरांत ‘प्लेग’ हा शब्द उच्चारणें म्हणजे जहाजें परत फिरवणें होय, हें त्यांना ठाऊक नव्हतें असें नाहीं. तरीहि त्यांनीं तो उच्चारला, व स्वतः घरोघर जाऊन रोगी तपासले. पुढें १९०६ सालीं ते मुंबई नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. धोबी तलावाजवळ मेट्रो चित्रगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. पुतळा कोणाचा हें न वाचतां त्याच्यावरून रोज हजारों लोक जातात.

साथ पसरतांच शहराची जवळजवळ अर्धी वस्ती गांवोगांव पळाली, आणि तिच्याबरोबर रोगहि पळाला. पुढील वीस-बावीस वर्षांत ह्या रोगानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं.

बळजबरी व अविश्वास

सरकारनें जे उपाय योजिले, त्यांत पुष्कळसे उपाय आज आम्हांस योग्य वाटतील: रोग्यास निराळें ठेवणें, घरें धुणें, गटारें साफ करणें. परंतु ते ज्या रीतीनें योजिले गेले, ती रीत लोकांस सहन होणारी नव्हती. रोग्याला घरांतून ओढून इस्पितळांत नेत, तेथून तो जिवंत परतेल अशी आशा घरच्यांस नसे, सामानसुमान जाळीत. ऑक्टोबर १८९६ मध्यें गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला व अधिकाऱ्यांच्या हातीं मोठी सत्ता आली. पुण्यांत गोऱ्या शिपायांनीं घरांत शिरून झडत्या घेतल्या. त्या क्षोभांतून २२ जून १८९७ रोजीं प्लेग अधिकारी रँड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली. ९ मार्च १८९८ रोजीं मुंबईंतहि दंगा उसळला. शेवटीं सरकारनें बळजबरी पुष्कळ सैल केली.

ह्याच्या उलट चित्र म्हणजे पुण्याच्या सावित्रीबाई फुले ह्यांचें. पुत्र डॉक्टर यशवंत ह्यांच्यासह त्यांनीं हडपसरच्या बाजूस प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा आरंभिली, आणि त्याच सेवेंत रोग जडून दिनांक १० मार्च १८९७ रोजीं त्यांनीं देह ठेविला. रोगी तोच, रोग तोच. एका ठिकाणीं लोक दार लावून घेत होते, दुसऱ्या ठिकाणीं ते स्वतः रोगी घेऊन येत होते. भेद होता तो फक्त हाताळणाऱ्या हातांचा.

हाफकीन ह्यांची लस

वॉल्डेमार हाफकीन हे त्या काळच्या रशियन साम्राज्यांतील ओडेसा नगरीचे यहुदी शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत असतां त्यांनीं १८९२ सालीं पटकीवरील लस तयार केली व पुढच्याच वर्षीं ते हिंदुस्थानांत आले. मुंबईंत प्लेग सुरू होतांच त्यांना बोलावण्यांत आलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा खोलींत त्यांनीं प्लेगचे जंतु वाढविले, उष्णतेनें ते मारले, आणि त्यांची लस केली. प्लेगचा जंतु त्यापूर्वीं दोनच वर्षें, १८९४ सालीं, हाँगकाँग येथें अलेक्झांद्र येर्सां ह्यांनीं शोधून काढला होता. मेलेल्या जंतूंनीं रोग होत नाहीं. परंतु शरीर त्यांना शत्रु म्हणून ओळखून ठेवतें, व खरा शत्रु चालून आला असतां आधींच सज्ज असतें. लसीचें सर्व मर्म एवढेंच आहे.

हाफकीन ह्यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं ती लस प्रथम स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत साथ शिरली. तेथील जवळजवळ अर्ध्या कैद्यांनीं आपखुशीनें लस घेतली. न घेतलेल्यांपैकीं बारा जणांस रोग झाला व सहा जण मेले. घेतलेल्यांपैकीं दोघांस रोग झाला, मेला एकहि नाहीं. त्याच वर्षीं पोर्तुगीज दमणमध्यें साथ आली. तेथें लस घेतलेले सुमारे २,२०० होते, त्यांतले ३६ मेले. न घेतलेले सुमारे ६,००० होते, त्यांतले १,४८० हून अधिक मेले. हिशेब करून पाहतां, पहिल्यांत शंभरीं दोनहि नाहींत, दुसऱ्यांत शंभरीं चोवीस. लस घेणारे कदाचित् अधिक सावध व सुस्थितींतले असतील, ही शंका रास्त आहे. परंतु एवढें मोठें अंतर केवळ त्यानें भरून निघत नाहीं.

तरी लोक भीत होते. ती भीति कशानें गेली? हुकुमानें नव्हे. ज्यांच्यावर लोकांचा विश्वास होता अशांनीं आधीं स्वतःचा दंड पुढें केला, तेव्हां ती कमी झाली. खोजा समाजाचे धर्मप्रमुख आगाखान ह्यांनीं आपल्या अनुयायांदेखत लस टोचून घेतली, ही गोष्ट इतिहासांत नमूद आहे. धर्मगुरु, शिक्षक व वाडींतील वडीलधारे ह्यांनीं ह्यावरून आपली जबाबदारी ओळखावी.

१८९९ सालीं हाफकीन ह्यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नर-निवासांत गेली. मूळ ती जागा कॅथलिक धर्मगुरूंच्या मठाची होती व अठराव्या शतकाच्या आरंभीं ती इंग्रजांच्या ताब्यांत गेली होती. जेथें पूर्वीं प्रार्थना होत, तेथें पुढें लस होऊं लागली. आम्हांस त्यांत विटाळ दिसत नाहीं, एका कार्याचें दुसऱ्या रूपानें चालू राहणें दिसतें. १९२५ पासून ती संस्था हाफकीन ह्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

मुलकोवालचा घाला

सत्य सांगावयाचें तर कडू भागहि सांगितला पाहिजे. दिनांक ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल ह्या गांवीं १०७ लोकांना लस टोचली गेली. त्यांपैकीं एकाच बाटलींतून लस घेतलेले एकोणीस जण धनुर्वातानें मेले. सर्व दोष हाफकीन ह्यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांना कामावरून दूर करण्यांत आलें. परंतु पुढें पुरावा तपासतां दिसून आलें कीं, बाटली प्रयोगशाळेंतून शुद्धच निघाली होती. गांवीं ती उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतां वापरला गेला होता. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस व दुसऱ्या नऊ शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत हाफकीन ह्यांची बाजू मांडली, तेव्हां त्यांच्यावरील डाग धुतला गेला.

ह्या घटनेचा अर्थ दोन रीतींनीं लावतां येतो. ‘लस घातक आहे’ असा एक. ‘अस्वच्छ चिमटा घातक आहे’ असा दुसरा. पहिला अर्थ लावणारे मुलकोवालच्या एकोणीस माणसांस स्मरतात व दमणच्या चौदाशें ऐंशींस विसरतात. आज प्रत्येकास नवी सुई वापरतात, बाटलीवर क्रमांक व मुदत लिहिलेली असते, टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. ही सर्व शिस्त अशाच दुःखांतून शिकलेली आहे. म्हणून लसीविषयीं शंका विचारणें पाप नव्हे. शंका विचारून उत्तर ऐकावयास न थांबणें हा मात्र अविचार होय.

उंदीर, पिसू व शहर

प्लेग माणसास कसा होतो, हें कोडें १८९८ सालीं कराची येथें पॉल-लुई सिमों ह्या फ्रेंच डॉक्टरानें उलगडलें. आजारी उंदराच्या अंगावरील पिसवा त्याचें शरीर थंड पडतांच उडून दुसरा आसरा शोधतात, आणि माणसास चावून रोग देतात. पुष्कळांनीं त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेलें. परंतु १९०५ नंतर मुंबईंत झालेल्या प्रयोगांनीं तेंच खरें ठरलें. तेव्हां घराच्या भिंतींवर औषध शिंपडण्यापेक्षां धान्य झांकून ठेवणें, उकिरडे हटवणें व बिळें बुजवणें ह्यांचें मोल अधिक, हें स्पष्ट झालें. १८९८ सालीं स्थापिलेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें अरुंद गल्ल्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले व दादर-माटुंग्याच्या वसाहती आंखल्या.

ही विद्या विसरली कीं काय होतें, तें १९९४ सालीं सुरतेनें दाखविलें. पावसाच्या पुरानंतर शहरांत कचरा व मेलेलीं जनावरें कुजत राहिलीं, आणि सप्टेंबरांत फुप्फुसाचा प्लेग उद्भवला. लाखों लोक पळाले. परंतु ह्या वेळीं टेट्रासायक्लिनसारखीं औषधें हातीं होतीं, म्हणून मृत्यूंची संख्या पन्नासांच्या आसपास राहिली. पुढें आयुक्त एस. आर. राव ह्यांच्या कारकीर्दींत तेंच शहर देशांतील स्वच्छ शहरांत गणलें जाऊं लागलें. पळून गेलेलें शहर झाडू हातीं घेऊन परत आलें, असेंच म्हणावयास हवें.

श्रद्धा व औषध

कोणी म्हणेल, मग क्रूस उभारणाऱ्यांची प्रार्थना व्यर्थ होती काय? आम्ही तसें मानीत नाहीं. १५७६ सालीं मिलान नगरींत प्लेग आला, तेव्हां संत चार्ल्स बोरोमेओ ह्यांनीं रोग्यांची सेवा केली, आपलें सामान विकून गरिबांस अन्नवस्त्र दिलें. आणि लोकांस घराबाहेर पडण्याची मनाई असतां रस्त्यांच्या चौकांत वेद्या उभारून मिसा सांगविल्या, म्हणजे लोकांस खिडकींतूनच मिसा ऐकतां यावी. संत आलोइस गोंझागा ह्यांनीं १५९१ सालीं रोमेंत रोग्यांची सेवा करतांना आपलें तरुण आयुष्य वेंचलें. ह्या संतांनीं अलगपणाचा नियम मोडला नाहीं, आणि प्रीतीचाहि मोडला नाहीं. २०२० सालीं करोनाच्या साथींत आमचीं देवळें बंद राहिलीं व पुनरुत्थानाचा सण लोकांनीं घरींच साजरा केला, तेव्हां पुष्कळांस तें अपूर्व वाटलें. ख्रिस्तसभेच्या इतिहासांत तें अपूर्व नव्हतें. पवित्र शास्त्र वैद्याचा मान राखावयास सांगतें, आणि शुभवर्तमानकार संत लूक स्वतः वैद्य होते. जो देव प्रार्थना ऐकतो, त्यानेंच वनस्पतींत गुण व माणसांत बुद्धि ठेविली आहे.

फळ तर डोळ्यांपुढें आहे. हिंदुस्थानांतील देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्यें आढळला, आणि ८ मे १९८० रोजीं सर्व जग त्या रोगांतून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. पोलिओचा शेवटचा रोगी आपल्या देशांत जानेवारी २०११ मध्यें आढळला. २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त ठरला. आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडावर देवीचे वण होते. आमच्या नातवंडांना ते चित्रांतच पाहावे लागतील.

आमचें कर्तव्य

आतां वाचकहो, आपण काय करावें? प्रथम, लहान मुलांच्या लसी वेळेवर द्याव्या. जन्मतांच क्षयाची, काविळीची व पोलिओची. सहा, दहा व चौदा आठवड्यांस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात इत्यादींची. नऊ महिन्यांस व पुन्हां दुसऱ्या वर्षीं गोवराची. पांचव्या वर्षानंतर, दहाव्या व सोळाव्या वर्षीं पुढील डोस. सरकारी आरोग्यकेंद्रांत ह्या विनामूल्य मिळतात. बाप्तिस्म्याचा दाखला जसा आपण जपून ठेवतो, तसेंच लसीचें कार्डहि जपून ठेवावें.

दुसरें, जेवणापूर्वीं व शौचानंतर साबणानें हात धुवावे. पिण्याचें पाणी शंकास्पद असेल तर उकळावें. मुलास हगवण लागली तर पाणी तोडूं नये. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावें, अंगावरचें दूध चालू ठेवावें, आणि मूल सुस्त पडलें किंवा शौचांत रक्त दिसलें तर विलंब न लावतां डॉक्टराकडे न्यावें. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत डॉक्टर दिलीप महालनबीस ह्यांनीं अशाच साध्या द्रावणानें पटकीचे असंख्य रोगी वांचविले.

तिसरें, आठवड्यांतून एकदां पिंपें, कुंड्या व टाक्या रिकाम्या करून सुकवाव्या, म्हणजे डासांची पैदास थांबेल. पावसाळ्यांत तुंबलेल्या पाण्यांतून जखमी पायांनीं चालूं नये. उंदराच्या मुत्रानें दूषित झालेल्या अशाच पाण्यानें २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत लेप्टोचा ताप पसरला. तशा पाण्यांतून जावें लागलेंच तर पाय धुऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चौथें, क्षयाचें औषध बरें वाटूं लागतांच सोडूं नये; ठरलेली मुदत पुरी करावी. आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून कोणतेंहि जंतुनाशक औषध घेऊं नये.

शेवटीं एक विनंति. वाडींत कोणी आजारी पडलें, तर त्याचें नांव कुजबुजीनें फिरवूं नये. व्हिएगस ह्यांनीं रोगाचें नांव उघड घेतलें तें रोग्यास वाळींत टाकण्यासाठीं नव्हे, त्यास वांचविण्यासाठीं. रोगी लपवला गेला कीं रोग वाढतो. आणि रोगी लपतो तो आमच्या जिभेच्या भयानें. दाराशीं डबा ठेवणें, औषध आणून देणें, त्याच्या मुलांना एक दिवस सांभाळणें, एवढें प्रत्येक घरास करतां येण्यासारखें आहे. आमच्या धर्मग्रामाच्या पुढील पन्नास वर्षांत कोणत्याहि आईला टाळतां येण्यासारख्या रोगानें आपलें मूल पुरण्याची पाळी येऊं नये, हीच आमची परमेश्वरचरणीं प्रार्थना आहे, आणि हेंच आमचें आपणां सर्वांकडे मागणें आहे.